चपला आणि राजकारण बाहेर

त्या खोलीच्या दारावर निळी पाटी होती आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘चपला आणि राजकारण बाहेर.’ चपलांचं ठीक होतं. आत जमिनीवर गाद्या अंथरलेल्या होत्या आणि अर्धं अंग लुळं पडलेले पेशंट त्यांच्यावर हातपाय हलवायला शिकत. राजकारणाचा शब्द मात्र बाईंनी पेंटरच्या पाठीशी उभं राहून घालून घेतला होता. पेंटर म्हणाला, “एवढं कोण वाचतंय, बाई?” बाई म्हणाल्या, “जो आत येईल तो वाचेल.” पुढे एक माणूस असा आला की त्याला वाचता येईनासं झालं होतं, पण तो नंतर.

बाईंचं काम वाचा गेलेल्यांना बोलतं करण्याचं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकते, उजवं अंग जातं आणि त्याच्याबरोबर शब्दही जातात. माणसाला सगळं कळत असतं. तहान लागलीय हे कळतं, समोर तांब्या आहे हे कळतं, फक्त ‘पाणी’ एवढं जिभेवर येत नाही. अशा माणसासमोर बाई स्टुलावर बसत आणि त्याच्या तोंडातून एकेक शब्द ओढून काढत. या कामात त्यांचा हात धरणारं त्या इस्पितळात कुणी नव्हतं, आणि हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

त्यांना सगळे तराजूबाई म्हणत. हे नाव ठेवलं ते पडद्यापलीकडे पेशंटना व्यायाम देणाऱ्या मास्तरांनी. खोली एकच, मधे हिरवा पडदा. अलीकडे बाई जिभा हलवायच्या, पलीकडे मास्तर पाय. बाई दिवसातून एकदा तरी म्हणायच्या, “माझ्याकडे सगळ्यांना एकच माप.” मग नाव पडायला कितीसा वेळ लागतो? बाईंना ते मनातून आवडायचं. चहाच्या खोलीत कुणी निवडणुकीचा विषय काढला की त्या कप खाली ठेवून म्हणत, “पेशंटच्या अंगात रोग असतो, पक्ष नसतो.” हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं की लोक त्यांच्या आधीच ओठ हलवत.

आणि नुसतं बोलून त्या थांबत नसत. एका नर्सने छातीवर पक्षाचा बिल्ला लावून आलेल्या पेशंटला सुई टोचताना म्हटलं होतं, “तुमच्या लोकांनी आमची पगारवाढ अडवली, आता दुखलं तर ओरडायचं नाही.” अर्धी थट्टा, अर्धा राग. पेशंटही हसला होता. पण बाईंच्या कानावर गेलं आणि त्यांनी ते प्रकरण वरपर्यंत नेलं. नर्सला सगळ्यांसमोर माफी मागावी लागली. ती मान खाली घालून उभी होती तेव्हा बाई तिच्याकडे अशा बघत होत्या, जणू ती धुतल्या तांदळात सापडलेला खडा होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते याला. पुढचं अर्धं वाक्य ज्याचं त्याने आठवावं.

बाईंची शिकवायची रीत मात्र खरोखर भारी होती. वाचा गेली तरी माणसाच्या तोंडात काहीतरी उरतंच. जे आयुष्यभर हजारदा म्हटलेलं असतं ते वेगळ्या कोपऱ्यात राहतं, तिथे रोगाचा हात पोचत नाही. कुणाचे आकडे उरतात, कुणाचं गाणं, कुणाची शिवी. बाईंचा नियम असा, की जे उरलंय त्याचं टोक धरायचं आणि ओढत राहायचं. लिलावात बोली पुकारणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्यांनी “एक वार, दोन वार” वरून “एक पोळी, दोन पोळ्या” पर्यंत आणलं होतं. एका ट्रकवाल्याच्या तोंडात फक्त आईवरची एक शिवी शिल्लक होती. बाई त्याच्या डाव्या हातावर ताल धरून ती शिवी त्याच्याबरोबर म्हणायच्या, मोठ्याने, दार उघडं ठेवून. त्या शिवीतून त्यांनी आधी ‘आई’ हा शब्द सुटा केला आणि त्याच्या आईसमोर त्याच्याकडून म्हणवून घेतला. म्हातारी रडली होती. तेव्हा बाईंना ना लाज वाटली ना किळस.

मग भोंगा आला.

शहरात त्याला तोंडावर भाऊ म्हणत आणि पाठीमागे भोंगा. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालणारा आणि घोषणा देणारा माणूस. पक्षाचे पुढारी बदलले, चिन्हं बदलली, भोंगा तोच राहिला, कारण त्याला लाउडस्पीकर लागत नसे. भाषण वगैरे त्याला जमायचं नाही. त्याला दोन ओळी येत आणि त्या दोन ओळींवर त्याने उभा जन्म काढला होता. डावा हात वर करून तो ओरडायचा, “शहर कुणाचं?” मागचा जमाव म्हणायचा, “आमचं!” मग तो ओरडायचा, “उपरे कुठे?” आणि जमाव म्हणायचा, “बाहेर!”

बाई उपऱ्यांच्या. त्यांच्या वडिलांनी कुठूनतरी दूरवरून येऊन स्टेशनसमोर किल्ल्या करून देण्याचं दुकान टाकलं होतं. बाई इथेच जन्मल्या, इथेच शिकल्या, इथल्या शाळेच्या मैदानात गुडघे फोडून घेतले. पण एका दुपारी मिरवणूक त्या दुकानासमोर थांबली. शाळेतून आलेली बाई आत स्टुलावर बसलेली, वडील हातात कानस घेऊन उभे. कुणी दगड मारला नाही, कुणी आत शिरलं नाही. भोंगा नुसता पायरीवर चढला, पाटीवरचं आडनाव त्याने वाचलं आणि हात वर केला. उपरे कुठे? बाहेर. उपरे कुठे? बाहेर. वडील हसत उभे राहिले, गिऱ्हाइकाशी हसतात तसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी शटरचा चंदेरी रंग आणला आणि पाटीवरचं आडनाव बुजवून टाकलं. पाटीवर चितारलेली किल्ली तेवढी राहिली. घरी त्या विषयावर कधी कुणी अवाक्षर काढलं नाही. वडील गेले तेव्हाही ती पाटी तशीच होती.

आता तोच भोंगा चाकाच्या खुर्चीत बसून, तोंडाचा उजवा कोपरा लोंबकळत, बाईंच्या दारात आला. त्याला ढकलत आणली ती त्याच्या बायकोने. नवरा गावाचा भाऊ म्हणून ही आपोआप गावाची वहिनी. तिने आधी नवऱ्याच्या पायांतल्या चपला काढल्या, मग स्वतःच्या, आणि पाटी वाचून म्हणाली, “हे बरं केलंत. ह्यांच्या राजकारणाने माझं घर खाल्लं.” मग बाईंचे हात धरून म्हणाली, “चाळीस वर्षं मी बोलायचे आणि हे ऐकायचे नाहीत. आता ऐकतात हो नीट, पण उत्तर येत नाही. मला भांडायला तरी माणूस परत द्या, बाई.”

बाई म्हणाल्या, “माझ्याकडे सगळ्यांना एकच माप आहे, वहिनी.” आणि त्यांना स्वतःला ते अगदी खरं वाटलं.

सुरुवातीला भोंग्याच्या तोंडात “अरे” आणि “हां” एवढंच होतं. बाईंनी आकडे काढून बघितले, आले नाहीत. वार काढून बघितले, सोमवारवर गाडी अडली ती अडलीच. गाणं म्हणून बघितलं, भोंग्याला गाण्याचं अंग नव्हतं. मग पहिल्याच आठवड्यात एक दिवस पडद्यापलीकडे मास्तरांचा एक पेशंट पायऱ्या चढायची कसरत करत होता आणि मास्तर टाळ्यांनी ठेका देत होते. त्या ठेक्यासरशी भोंग्याची मान वर झाली. डावा हात उठला. आणि त्या लोंबकळत्या तोंडातून, एकही अक्षर न गाळता, पूर्वीच्याच गडगडाटात आलं, “शहर कुणाचं?”

खिडकीची काच थरारली. व्हरांड्यातून जाणारी माणसं थांबली. वहिनी उठून उभी राहिली. भोंगा हात वर धरून बाईंच्या तोंडाकडे बघत होता. तो थांबला होता. घोषणा देणारा अर्धीच ओळ म्हणतो, उरलेली समोरच्याने म्हणायची असते. ती आली तर पुढची निघणार, नाहीतर सगळं तिथेच अडकणार.

बाईंना हे त्याच क्षणी कळलं. त्यांच्याइतकं ते कुणाला कळणार? टोक समोर लोंबत होतं. ‘कुणाचं’ हाती आलं होतं, ‘कुठे’ मागोमाग येणार होतं. चष्मा कुठे, पाणी कुठे, दुखतंय कुठे. यावर तर अख्खं घर बांधता येतं. ट्रकवाल्याच्या शिवीपेक्षा हे कितीतरी सोपं होतं. फक्त बाईंनी एक शब्द म्हणायचा होता, “आमचं.” आणि त्यानंतर अर्थातच दुसरा.

बाईंनी कपाचं चित्र उचललं. “भाऊ,” त्या शांतपणे म्हणाल्या, “इथे हे चालत नाही. बाहेर पाटी आहे. हे काय आहे, सांगा बघू? क… कप.”

पडद्यापलीकडून मास्तर ओरडले, “आमचं!” पण ते फार लांबून आलं. भोंग्याने बाईंकडे बघितलं, हात खाली घेतला, आणि कपाकडे बघत म्हणाला, “अरे.”

त्यानंतर कप सुरू झाले. कप, चमचा, कंगवा, साबण. रोज त्याच चित्रांची रांग आणि रोज तोच “अरे”. पालथ्या घड्यावर पाणी, आणि घडा पालथा ठेवणारी बाईच. भोंगा अधूनमधून हात वर करायचा, घोषणा द्यायचा, थांबायचा. बाई चित्र बदलायच्या. कधीकधी त्या मुद्दाम जरा जास्तच मायेने चित्र बदलायच्या.

चहाच्या खोलीत मास्तरांनी एकदा विषय काढलाच. मास्तरही उपऱ्यांतलेच, आणि आडनाव असं की लपवायचं म्हटलं तरी लपणार नाही.

“बाई, त्याला घोषणा येतेय. वापरा की.”

“खोलीत राजकारण आणायचं नाही, हा माझा नियम आहे. तुम्हाला माहीत आहे.”

“अहो, मी त्याच्यावरच चालवतोय त्याला. ‘उपरे कुठे’ म्हटलं की डावा पाय, मी ‘बाहेर’ म्हटलं की उजवा. खिडकीपर्यंत जातो आता.”

“तुम्ही? तुम्ही म्हणता ते?”

“म्हणतो की. मला बाहेर काढायचं तर आधी त्याला चालता यायला नको?” मास्तर खो खो हसले. बाई हसल्या नाहीत. मग तेही गंभीर झाले. “ट्रकवाल्याची शिवी चालली. ही का नाही?”

“शिवी म्हणजे मत नव्हे. तत्त्वाचा प्रश्न आहे.”

तत्त्व ही मोठी सोयीची वस्तू. अंगावर घेतलं की आतलं काही दिसत नाही. बाई घरी जाताना बसमध्ये स्वतःला समजावत की आपण त्याच्याशी एक शब्द वाकडा बोललेलो नाही, वेळ चुकवलेली नाही, आवाज चढवलेला नाही. हे सगळं खरं होतं. त्या नर्ससारखं त्यांनी काही म्हणजे काही केलेलं नव्हतं. त्या फक्त गप्प बसल्या होत्या, आणि गप्प बसल्याबद्दल कुणी माफी मागायला लावत नाही. पण हेही त्यांना ठाऊक होतं, की वाचा परत येण्याचे दिवस सुरुवातीचेच असतात. नंतर माती घट्ट होते. एखाद्या रात्री हे आठवलं की त्यांच्या डोळ्यांसमोर चंदेरी रंगाची पाटी यायची आणि त्यांना झोप लागायची. हो, लागायची. खोटं कशाला बोला?

निवडणूक लागली. रस्त्यांवर मिरवणुका सुरू झाल्या. आणि एका सोमवारी वहिनी एकटीच आली, खुर्चीशिवाय, चपला घालूनच सरळ आत. बाई पाटीकडे बोट दाखवणार होत्या, पण तिचा चेहरा बघून बोट उचललं गेलं नाही.

“काल काय झालं ठाऊक आहे?” ती म्हणाली. “दुपारपासून हे ओरडायला लागले. शहर कुणाचं, उपरे कुठे. थांबेचनात. डाव्या हाताने मांडीवर दणादण मारत होते. आम्हाला वाटलं, मिरवणूक येणार आहे, त्यांना आवाज ऐकू येतोय. मुलगा म्हणाला, बाबांना गॅलरीत नेऊ, बरं वाटेल. नेलं. खाली लोकांनी ह्यांना ओळखलं. हे वरून ओरडले, उपरे कुठे, आणि खालून सगळा रस्ता ओरडला, बाहेर. टाळ्या वाजवल्या लोकांनी. शिट्ट्या मारल्या. मुलाने फोटो काढला. हे ओरडतायत, घामाने निथळतायत, डोळ्यांतून पाणी येतंय, आणि आम्ही म्हणतोय, बघा किती आनंद झालाय.”

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने घेतला नाही.

“लघवी तुंबली होती, बाई. सकाळपासून. पोट दगडासारखं झालं होतं. ते मांडीवर मारत नव्हते, पोट दाखवत होते. जे एकच येतं तोंडात त्यानेच हाका मारत होते मला. आणि मी टाळ्या वाजवल्या. शेवटी मान टाकली तेव्हा कळलं. वरच्या वॉर्डात आहेत, नळी घातलीय. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर मूत्रपिंड गेलं असतं. ‘दुखतं’ एवढा एक शब्द येत असता तर? इतके दिवस तुम्ही काय शिकवलंत त्यांना? कप?”

“वहिनी, काही पेशंटना वेळ…”

“कप!” वहिनी म्हणाली, आणि निघून गेली.

पडदा बाजूला झाला. मास्तर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बाईंना वाटलं, हा माणूस आता एखादा विनोद करेल आणि आपण मोकळे होऊ. मास्तरांनी विनोद केला नाही. ते म्हणाले, “त्या पोरीला तुम्ही सगळ्यांसमोर माफी मागायला लावलीत, तेव्हा तिने निदान सुई नीट टोचली होती.” आणि पडदा ओढून घेतला.

शरमेने माणूस सुधारतो असं म्हणतात. बाई आधी चिडल्या. मास्तरांवर चिडल्या, वहिनीवर चिडल्या, जन्मभर दोन ओळी ओरडून त्याच दोन ओळींत अडकून पडलेल्या त्या माणसावर तर फारच चिडल्या. पेराल ते उगवेल, असंही मनात म्हणून झालं. मग त्यांना गॅलरी दिसली. वर ओरडणारा एक माणूस, खाली उत्तर देणारा सगळा रस्ता, आणि त्याचं म्हणणं कळू शकणारी एकच बाई, जिने ठरवून कान बंद केले होते.

भोंगा पुन्हा खोलीत आला तो आणखी वाळून. बाईंनी चित्रांचा गठ्ठा कपाटात टाकला. स्टूल जवळ ओढलं, त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि गादीवर ठेका धरला. दुकानाच्या पायरीवर हाच हात वर झाला होता.

“म्हणा, भाऊ,” त्या म्हणाल्या. “शहर…”

भोंग्याने त्यांच्याकडे संशयाने बघितलं. मग म्हणाला, “शहर कुणाचं?” आणि थांबला.

“आमचं,” बाई म्हणाल्या. आवाज नीट निघाला नाही. त्यांनी घसा खाकरून पुन्हा म्हटलं, “आमचं!”

भोंग्याचे डोळे मोठे झाले. बांध फुटावा तशी पुढची ओळ आली, “उपरे कुठे?”

बाईंच्या तोंडात शब्द आला आणि तिथेच बसला. पडद्यापलीकडे मास्तर नव्हते, मदतीला कुणी धावून येणार नव्हतं. वहिनी कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बघत होती. भोंगा हात वर धरून थांबला होता. बाई म्हणाल्या, “बाहेर.” मग त्याच ठेक्यात, त्याचा हात तसाच हलवत, श्वास न घेता त्या पुढे म्हणाल्या, “चष्मा कुठे?”

“चष्मा कुठे?” भोंगा म्हणाला. आणि स्वतःच दचकला. वहिनीच्या मांडीवरची पिशवी खाली पडली.

त्यानंतर जे झालं त्याचा बाईंना आनंद व्हायला हवा होता. पाणी कुठे. पोरगा कुठे. दुखतंय कुठे, पोटात. पाटीवर पेन्सिल फिरावी इतक्या सहज तो एकेक वाक्य म्हणत गेला. रोज थोडं पुढे. वहिनीला तो घरी, शिकवल्याबरहुकूम, “चहा कुठे?” म्हणून ओरडला, तेव्हा ती येऊन बाईंना हसत सांगून गेली की पहिलं भांडण झालं. मास्तर बाईंशी पुन्हा बोलायला लागले. पण बाईंना प्रत्येक नवा शब्द टोचायचा. हे अवघड असतं तर बरं झालं असतं. खूप मेहनत लागली असती तर म्हणता आलं असतं, की कपांनीही एक दिवस जमलंच असतं. पण हे सोपं होतं, पहिल्या आठवड्यातही एवढंच सोपं होतं, आणि हे आणखी एका माणसाला कळत होतं. वाक्य म्हणून झालं की भोंगा त्यांच्याकडे एकटक बघत बसायचा. त्या नजरेत उपकार वगैरे काही नव्हतं.

एके दिवशी धडा चांगला रंगात आला असताना त्याने बाईंचा हात बाजूला सारला. ठेका नको, अशी खूण केली. “बाई,” तो म्हणाला. हा शब्द बाईंनी शिकवलेला नव्हता. मग तो पुढच्या शब्दाशी झटायला लागला. ओठ मिटायचे, सुटायचे, मिटायचे. बाईंनी सवयीने पुढे वाकून त्याच्यासाठी ओठ मिटून दाखवले आणि पहिलं अक्षर दिलं, “मु…” कोणता शब्द आहे हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं. जे अडलंय त्याला हात द्यायचा, एवढीच सवय.

“मु…” भोंगा म्हणाला. “मुद्दाम.”

अक्षरं लडबडलेली होती, लाळेत भिजलेली. परक्या माणसाला त्यातून काही कळलं नसतं. वहिनी नेहमीसारखी पुढे झाली. नवऱ्याचं बोलणं तिला अजून सगळं लागत नसे. बाईंनी सांगायचं आणि तिने मान डोलवायची, अशी पद्धत पडली होती. “काय हो? काय म्हणाले?”

काहीही सांगता आलं असतं. भोंगा ओरडला असता, हात आपटला असता, पण त्याच्या ओरडण्याचा अर्थ लावणारं माणूस पुन्हा बाईच होत्या. पडदा नुसता हलला. पलीकडे मास्तरांनी ठेका थांबवला होता.

“ते म्हणताहेत, की मी मुद्दाम केलं,” बाई म्हणाल्या. “खरं आहे. घोषणेवरून शिकवता येईल, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी शिकवलं नाही.”

वहिनीला ते आधी उमगलंच नाही. मग उमगलं तसा तिचा चेहरा बदलत गेला. “म्हणजे गॅलरीत… म्हणजे तुम्हाला… का? आमच्या माणसाने तुमचं काय घोडं मारलं होतं?”

“स्टेशनसमोर आमचं किल्ल्यांचं दुकान होतं. ह्यांनी पायरीवर चढून घोषणा दिल्या. माझ्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी पाटीवरचं आडनाव पुसलं. मी आत बसले होते.”

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. सांगताना त्यांना वाटलं, आता निदान हा माणूस मान खाली घालेल. दोघांचा हिशेब एकदाचा समोरासमोर येईल. त्याने रागाने बघावं, लाजेने बघावं, छद्मी हसावं, काहीही चाललं असतं.

वहिनी नवऱ्याकडे वळली. “आठवतंय का तुम्हाला?”

भोंगा विचारात पडला. खराखुरा विचारात पडला. कपाळाला आठ्या घालून तो बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, जणू तिथे कुठे ती पायरी सापडेल. किती दुकानं, किती पायऱ्या, किती दुपारी. शेवटी त्याने मान हलवली. नाही. मग त्याचा डावा हात सवयीने वर झाला, ओठ हलले, आणि कुणीही न शिकवलेलं, कुणीही ठेका न दिलेलं त्याचं पहिलं स्वतःचं वाक्य बाहेर आलं.

“दुकान… कुठे?”

वहिनीने तोंडावर हात धरला. बाई स्टुलावर ताठ बसून राहिल्या. पेशंट स्वतःहून वाक्य जुळवतो तेव्हा काय म्हणायचं असतं हे त्यांनी पेशंटच्या कितीतरी नातेवाइकांना शिकवलं होतं.

“छान,” त्या म्हणाल्या. “पुन्हा म्हणा.”

“दुकान कुठे?” भोंग्याने विचारलं, आधीपेक्षा स्पष्ट, आणि हात तसाच वर धरून उत्तरासाठी थांबला.